पूर्णवेळ एमबीए: सीईटीपासून वर्गात बसेपर्यंत

महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेशाची गंमत अशी की राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, १५० मिनिटांची असते आणि प्रवेश प्रक्रिया दोन-तीन महिन्यांची. मुले वर्षभर त्या १५० मिनिटांची तयारी करतात आणि दोन-तीन महिन्यांची अजिबात करत नाहीत. मग चांगले पर्सेंटाइल हातात असूनही कोणाचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र (कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत असल्याचे) जुने निघते, कोणी महाविद्यालयांच्या पर्यायांचा क्रम चुकवतो, कोणी सीट स्वीकारण्याची मुदत विसरतो. म्हणून या लेखात अभ्यासापेक्षा कागदपत्रे, पर्याय आणि पैसा यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी एमबीए, एमएमएस आणि पीजीडीएम

मुंबई विद्यापीठ या पदवीला एमएमएस म्हणते, पुणे आणि बहुतेक इतर विद्यापीठे एमबीए म्हणतात. नोकरीच्या बाजारात दोन्हींत फरक नाही. पीजीडीएम मात्र विद्यापीठाची पदवी नव्हे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या मान्यतेने स्वायत्त संस्था देतात तो हा पदविका अभ्यासक्रम. वाईट आहे असे मुळीच नाही, कारण २०१७ चा आयआयएम कायदा येईपर्यंत आयआयएमसुद्धा पदविकाच देत होत्या. पण पीजीडीएमचे प्रवेश संस्था स्वतः करते, फी स्वतः ठरवते आणि अभ्यासक्रमही स्वतः आखते. एकाच इमारतीत एमएमएस आणि पीजीडीएम दोन्ही चालतात तेव्हा काउंटरवर कोणत्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक हातात ठेवले जाते आहे, ते नीट वाचून घ्या.

पात्रता साधी आहे: किमान तीन वर्षांची कोणत्याही शाखेची पदवी ५० टक्क्यांनी, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४५ टक्क्यांनी. शेवटच्या वर्षाला असाल तरी परीक्षा देता येते.

कोणती परीक्षा, केव्हा

ऑगस्टमध्ये कॅटचे, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचे, अर्ज सुटतात आणि परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते. तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटे, बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीच्या पर्यायाला उणे १. डिसेंबरात सिम्बायोसिसची स्नॅप, जानेवारीच्या सुरुवातीला जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट. मुंबईच्या एनएमआयएमएस या खासगी विद्यापीठासाठी एनमॅट, जी एकाच हंगामात तीनदा देता येते. आणि मग राज्याची सीईटी. ती राज्य सीईटी कक्ष घेतो आणि जमनालाल बजाज, सिडनहॅमची सिमस्री, पुणे विद्यापीठाचे पुंबा यांच्यासह शेकडो महाविद्यालयांचे दार तिच्यातून उघडते. या प्रक्रियेत मुलाखत नाही, गटचर्चा नाही, दहावी-बारावीचे वजन नाही. दहावीला ६२ टक्के पडलेल्या मुलाला आयआयएमच्या निवड यादीत यायला फार झगडावे लागते. जमनालालला मात्र त्याची दहावी कोणी विचारत नाही. राज्यातल्या मुलांनी सीईटीला दुय्यम मानू नये ते यासाठी.

मात्र वेळापत्रकातला एक पेच आधीच ध्यानात घ्या. खासगी विद्यापीठे आणि पीजीडीएम संस्था फेब्रुवारी ते मे या काळात ऑफर देतात आणि काही दिवसांत मोठा हप्ता मागतात. त्यांचे वर्ग जूनच्या सुमारास भरतात. सीईटीची प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, तोवर धड सुरूही झालेली नसते. हप्ता भरण्याआधी त्या संस्थेचा परताव्याचा नियम छापील किंवा ईमेलवर मागवा. किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, हे फोनवरच्या समुपदेशकाच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका.

सीईटीची १५० मिनिटे

२०० प्रश्न, २०० गुण. तर्कक्षमता ७५, आकृत्यांवरचे प्रश्न २५, गणित ५०, इंग्रजी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हिशेब केला तर एका प्रश्नाला ४५ सेकंद. सगळे प्रश्न खरोखर सोडवून होतील, असा पेपर हा नाही. तेव्हा वेळ अशी वाटून बघा: आकृत्यांना १२ मिनिटे, इंग्रजीला ३०, तर्काला ६२, गणिताला ४० आणि शेवटची ६ मिनिटे फक्त उरलेल्या प्रश्नांवर काहीतरी एक पर्याय टिपायला. त्या सहा मिनिटांचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. एक अवघड बैठक-व्यवस्थेचा संच सुटतच नाही म्हणून मुले तिथे बसून राहतात आणि पंचवीस प्रश्न कोरे सोडून बाहेर येतात. गुण कापत नसताना कोरा प्रश्न म्हणजे फुकटची संधी टाकून देणे.

परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९५ जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे. लाखभर मुले बसली असतील तर तुमच्या पुढे अजून पाच हजार उभे आहेत. वरच्या टोकाला दशांश चिन्हापुढचा आकडाही जीवघेणा ठरतो. जमनालालच्या खुल्या जागा ९९.९ च्या वरच संपतात. निकालाच्या सुमारास पर्सेंटाइल वाढवून देतो, सीट पक्की करून देतो असे फोन येऊ लागतात. ते सरळ बंद करायचे.

कागदपत्रे: मार्चमध्येच फाइल उघडा

परीक्षेचा अर्ज आणि कॅपचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत. सीईटी दिली की आपोआप प्रवेश प्रक्रियेत गेलो, असे समजणारे दरवर्षी निघतात. निकालानंतर कॅपची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यात कागदपत्रे स्कॅन करून चढवायची आणि ती ई-स्क्रूटिनीने (ऑनलाइन तपासणीने) किंवा सुविधा केंद्रावर जाऊन तपासून घ्यायची.

लागतील ती अशी: दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, राष्ट्रीयत्वाचा पुरावा आणि प्रवर्गानुसार पुढचे दाखले. पदवीला सीजीपीए असेल तर टक्के विद्यापीठाच्या सूत्रानेच काढायचे, मनाने दहाने गुणायचे नाहीत. गुणपत्रिकेच्या मागे सूत्र छापलेले नसेल तर महाविद्यालयाकडून पत्र घ्या.

प्रवर्गाच्या दाखल्यांत सगळ्यात जास्त पडझड होते, म्हणून थोडे सविस्तर.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी. दाखला तहसील किंवा प्रांत कार्यालयातून मिळतो; वैधता पडताळणी समितीकडून येते आणि तिला महिने लागतात. अर्जाच्या वेळी वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोचपावती चालते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत दाखवावेच लागते. नाही दाखवले तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो आणि राखीव प्रवर्गातून मिळालेली सीट हातची जाते.

विमुक्त जाती, भटक्या जमाती, ओबीसी, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेअरही लागते. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. इथली तारीख घोळ घालते: प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेता त्या वर्षाच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवे. २०२६-२७ चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७. गेल्या वर्षी बहिणीच्या प्रवेशाबरोबर तुमचेही काढून ठेवलेले असेल, तर आज कपाटातून बाहेर काढा आणि खालची तारीख वाचा. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला चालू आर्थिक वर्षाचा आणि राज्याच्या नमुन्यातला लागतो. तो १ एप्रिलनंतर काढायचा.

आयआयएमसाठी हेच दाखले केंद्राच्या नमुन्यात हवेत, आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का तेही पाहायला हवे. एसईबीसी आरक्षण राज्याचे आहे, आयआयएमच्या प्रवेशात ते नाही. मराठा समाजातला उमेदवार राज्यात एसईबीसीतून अर्ज करत असला, तरी केंद्रीय संस्थांत तो उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएसमधून करू शकतो. म्हणजे दोन ठिकाणी दोन दाखले. सेतू केंद्रावर जाताना कोणता नमुना हवा ते छापूनच न्यावे. तिथल्या माणसाला रोज राज्याचाच नमुना भरायची सवय असते.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, लग्नानंतर तिसरे आडनाव. राजपत्रात नावबदल झाला असेल तर त्याची प्रत फाइलला लावा. झाला नसेल तर सगळीकडे दहावीचे नाव धरा.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की हरकतींसाठी दोन-तीन दिवस मिळतात. त्या यादीत फक्त आपला क्रमांक पाहून थांबू नका. प्रवर्ग, लिंग, गृह विद्यापीठ (ज्याच्या क्षेत्रातून पदवी घेतली ते), उमेदवारीचा प्रकार, सगळे रकाने तपासा. अंतिम यादीनंतर दुरुस्तीची गाडी सुटलेली असते.

पर्यायांचा अर्ज

इथे शांतपणे बसायला दोन संध्याकाळी द्या. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ उतरवून घ्या. त्यांतले संकेत पहिल्यांदा परके वाटतात, पण उलगडायला सोपे आहेत. जीओपनएस, जीओपनएच, एलओबीसीओ अशी नावे दिसतील. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिलांसाठीची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचे अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठाची जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या उमेदवारांची, एस म्हणजे राज्यस्तरावरची. प्रत्येक रकान्यात वर गुणवत्ता क्रमांक असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल. तुलना क्रमांकाशी करा, पर्सेंटाइलशी नको. ९७ पर्सेंटाइलला दरवर्षी सारखाच क्रमांक येईल असे नाही. मुलीने एल आणि जी दोन्ही रकाने पाहावेत, राखीव प्रवर्गातल्याने खुला रकानाही.

आता क्रम. इथे सोन्यासारखे पर्सेंटाइल मातीत जाते. नियम असा की पहिल्या फेरीत तुम्हाला तुमचा पहिलाच पर्याय मिळाला, तर ती सीट गोठते. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांना मुकायचे. पुढच्या फेऱ्यांत ही अट पहिल्या काही पर्यायांपर्यंत वाढू शकते; त्या वर्षीचा आकडा माहिती पुस्तिकेत दिलेला असतो.

समजा पुण्याच्या एका मुलीचा क्रमांक १,८००. तिला मनातून मुंबईतले वेलिंगकर हवे आहे, पण मिळेल याची खात्री नाही. घरचे म्हणतात, आधी मिळणारे टाक, मग स्वप्नातले. तिने घराजवळचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले आणि वेलिंगकर चौथ्यावर. पहिल्या फेरीत घराजवळचे मिळाले, सीट गोठली. दुसऱ्या फेरीत वेलिंगकरचा कटऑफ २,००० पर्यंत खाली आला तरी तिला काही उपयोग नाही. उलट क्रम लावला असता तर काय बिघडले असते? काहीच नाही. संगणक वरून खाली तपासत येतो. वरचे सहा पर्याय मिळाले नाहीत म्हणून सातव्यावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून पर्याय आवडीच्या क्रमाने लावायचे, मिळण्याच्या शक्यतेने नाही. शक्यतेचा विचार फक्त यादी किती लांब ठेवायची हे ठरवताना करायचा: क्रमांकापेक्षा बरीच वरची पाच-सहा, आसपासची दहा, खालची आठ. आणि यादीच्या तळालाही जिथे शिकायचेच नाही असे नाव टाकू नये.

पर्याय भरून झाले की ते निश्चित करण्याचे बटण वेगळे असते. ते दाबले नाही तर भरलेले वाया. निश्चित केल्यावर प्रत काढून ठेवा.

सीट मिळाली की दोन टप्पे. पहिला, लॉगिनमध्ये जाऊन सीट स्वीकारायची आणि १,००० रुपये सीट स्वीकृती शुल्क भरायचे. याच वेळी विचारतात: हीच सीट पक्की, की बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी प्रयत्न? बेटरमेंट घेतले आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची सीट आपोआप जाते, मन बदलले म्हणून परत मिळत नाही. दुसरा टप्पा, सीट पक्की झाल्यावर मुदतीत महाविद्यालयात जाऊन मूळ कागद दाखवणे आणि फी भरणे. हजार रुपये भरले म्हणजे प्रवेश झाला असे समजून घरी बसलेल्यांच्या जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जातात.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत साधारण २० टक्के जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. कॅपमध्ये मिळाले नाही तर तोही रस्ता आहे, पण फीच्या सरकारी सवलतींना तिथे मुकावे लागते. वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या खिशाला लागणाऱ्या चटक्यात यामुळे लाखांचा फरक पडतो.

महाविद्यालय पारखताना

फलकावरचे कमाल पॅकेज विसरा. ते एका मुलाचे असते. एनआयआरएफ या केंद्राच्या संस्था-क्रमवारीसाठी संस्थांनी भरलेली माहिती त्यांच्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये सापडते. तिच्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तक्ता काढा: किती प्रवेश झाले, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यगा पगार, म्हणजे पगारांच्या रांगेतला बरोबर मधला आकडा, किती. १२० उत्तीर्ण आणि नोकरी ७० जणांना, असे दिसले तर उरलेल्या ५० जणांचे काय झाले ते आजी विद्यार्थ्यांना विचारा. सरासरीपेक्षा मध्यगा पाहा. दोन मोठ्या ऑफर सरासरी फुगवतात.

पॅकेजचेही पोट फाडून पाहावे लागते. ९ लाखांची ऑफर घ्या. त्यातले १ लाख कामगिरीवर, ५० हजार एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस, कंपनीचा भविष्य निर्वाह निधी २१,६००, ग्रॅच्युइटी १७ हजार, विमा १० हजार. उरले ७ लाख १ हजार, म्हणजे महिना सुमारे ५८,४५०. त्यातून तुमचा निर्वाह निधी १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात ५६ हजारांच्या आसपास. मुंबईत घरभाडे देऊन यात कसे भागते, ते प्रत्येकाने आपल्या वहीत मांडावे.

पैसा

जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी २५ लाखांच्या पुढे गेली आहे. शासकीय आणि विद्यापीठ विभागांची त्यामानाने खूप कमी. खासगी एमबीए-एमएमएस महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती संकेतस्थळावर पाहता येते. त्याहून जास्त मागितले तर पावतीवर तपशील लिहून मागा.

कर्जाचा हिशेब असा. दरवर्षी ५ लाख याप्रमाणे १० लाख उचलले, व्याज १० टक्के. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. पहिल्या ५ लाखांवर तीन वर्षांचे दीड लाख, दुसऱ्या ५ लाखांवर दोन वर्षांचे एक लाख. सरळव्याजाने धरले तरी हप्ता सुरू होताना कर्ज साडेबारा लाख असते आणि सात वर्षांचा मासिक हप्ता २०,७५० च्या घरात जातो. शिकत असतानाच व्याज भरत राहिलात तर तो १६,६०० वर येतो. आयकरात या व्याजाची वजावट आहे, पण जुन्या करप्रणालीतच.

आणि वर्ग सुरू झाल्यावर

चार सत्रे. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळे: अकाउंटिंग, मार्केटिंग, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मनुष्यबळ, ऑपरेशन्स. इंजिनिअर ताळेबंदाला घाबरतात, बीए झालेले संख्याशास्त्राला. म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या मोकळ्या महिन्यात दोनच गोष्टी करा: जर्नल ते ताळेबंद हा प्रवास एकदा हाताने लिहून काढा आणि एक्सेलमधले व्हीलुकअप व पिव्हट टेबल बोटांत बसवा.

चांगल्या महाविद्यालयांत समर इंटर्नशिपच्या निवडी दिवाळीच्या आसपासच उरकतात, म्हणजे कॉलेजला येऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेले असताना. त्यामुळे सीव्ही पहिल्या महिन्यातच तयार लागतो आणि तो पदवीच्या काळातल्या कामावरच उभा राहतो. इंटर्नशिप आठ आठवड्यांची असते. नीट काम केले तर तिथूनच कायमच्या नोकरीची ऑफर मिळू शकते. नुसता अहवाल दुसऱ्याकडून उचलला तर तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतो.

स्पेशलायझेशन निवडताना त्या खात्यातली पहिली नोकरी डोळ्यांपुढे आणा. मार्केटिंगवाल्याची सुरुवात बहुधा जाहिरातीच्या स्टुडिओत होत नाही. ती अकोला किंवा नांदेडच्या बाजारात वितरकाच्या माणसाबरोबर दुकाने पालथी घालण्यात होते: रोज तीस-चाळीस दुकाने, किती माल उरला, किती उधारी. फायनान्समध्ये बहुतेकांना बँक किंवा वित्त कंपनीतली कर्जाची छाननी आणि ग्राहक सांभाळणे वाट्याला येते. एचआरच्या जागा तुलनेने मोजक्याच. हे काम नकोसे वाटत असेल तर दुसऱ्या वर्षाच्या आधीच दिशा बदला.

गटकामाची सवय लावून घ्यावी लागते. सहा जणांच्या गटात दोघे राबतात, हे जवळजवळ ठरलेले. पहिल्याच बैठकीत कोण काय करणार हे गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहून ठेवले तर निदान शेवटच्या रात्रीचे भांडण टळते.

प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद दाखवून परत घ्या. ते अडकवून ठेवायचा अधिकार महाविद्यालयाला नाही. प्रवेश मुदतीआधी रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळते, तो अर्ज ऑनलाइनच करायचा. कॅपमधून आलेल्यांनी त्याच आठवड्यात महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर खाते उघडावे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि बाहेरगावच्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्जही तिथेच सापडतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून बँकेत जाऊन जोडणी झाली आहे का ते आधी पाहा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो, आणि तो विसरणारे पहिल्या वर्षी विसरणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.